गणपतीला घर बंद राहणार आहे, लिपो बॅटऱ्या कुठे आणि कशा ठेवू?

निनाद_डोंबिवली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ नये असं वाटतं.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मी, बायको, आई आणि चार वर्षांची लेक. गणपतीला सगळे कुडाळला गावी जातो, घर दहा-बारा दिवस कुलूपबंद असतं. निघताना गॅसचा कॉक, गीझर, मेन स्विच सगळं बघून निघतो. यंदा त्यात माझ्या छंदाच्या बॅटऱ्यांची भर पडली आहे आणि बंद घरात त्या ठेवून जायला मन धजत नाही.

माझ्याकडे रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानासाठी लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्यांचे ३एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलचे, २२०० एमएएचचे सहा पॅक आहेत आणि पाच इंची क्वाडसाठी (चार पंख्यांच्या ड्रोनसाठी) ४एस १५००चे चार. रिमोटमध्ये दोन १८६५० (गोल, लांबट लिथियम-आयन) सेल, ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलसाठी आणखी दोन. शिवाय एक जुना ४एस पॅक उन्हाळ्यात फुगला, तो वापरत नाही, पण टाकायचा कुठे ते ठाऊक नसल्यामुळे तसाच पडून आहे.

हे सगळं सध्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, मुख्य दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. एक लिपो बॅग (आगीपासून बचावाची पिशवी) आहे, तिच्यात चार पॅक मावतात. पावसाळा असल्यामुळे शनिवारी चार्ज करतो, रविवारी पाऊस लागतो, माळावर जाणं रद्द होतं. म्हणजे आत्ता दहाच्या दहा पॅक पूर्ण भरलेले आहेत.

ड्राय बाल्कनी आहे, पण तिथे वॉशिंग मशीन आणि पावसाची झड. स्वयंपाकघरात ओट्याखाली जागा होईल. बायको म्हणते, गच्चीवर टाकीशेजारच्या खोलीत ठेव आणि मोकळा हो. एका व्हिडिओत फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं आहे. नेमकं काय करू?

झूम_कल्याण

मी फ्रिजमध्येच ठेवतो, झिपच्या पिशवीत घालून, भाज्यांच्या कप्प्याच्या मागे. थंडाव्यात बॅटरी जास्त टिकते. आणि आगीची भीती असेल तर घरातला एखादा जुना प्रेशर कुकर घ्या, त्यात पॅक घालून झाकण लावा. जाड अ‍ॅल्युमिनियम आहे, आत काय व्हायचं ते होऊ दे. लिपो बॅगपेक्षा केव्हाही भक्कम.

वृंदा_सांगली

निनाद, जागेचं आणि पेटीचं नंतर बोलू. आज संध्याकाळी बसून पहिलं काम हे करा: दहाही पॅक स्टोरेज व्होल्टेजवर आणा. प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टच्या दरम्यान. तुमच्या चार्जरवर ‘स्टोरेज’ असा प्रोग्राम असेल, तो नेमका यासाठीच असतो.

मी सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काम करते. मुलांच्या एरोमॉडेलिंग क्लबच्या सगळ्या बॅटऱ्या माझ्या कपाटात असतात आणि किल्ली माझ्याकडे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात या वस्तू देते, त्यामुळे या बाबतीत मी फार आग्रही आहे. लोक पेटीवर पैसे घालतात आणि आत भरलेले पॅक ठेवतात, हे मला मुळीच पटत नाही.

असं का म्हणते ते सांगते. ४.२० व्होल्टपर्यंत भरलेल्या सेलमध्ये कॅथोडमधलं, म्हणजे धन बाजूमधलं, निम्म्याच्या आसपास लिथियम निघून समोरच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसलेलं असतं. अशा अवस्थेत दोन्ही बाजू इलेक्ट्रोलाइटशी रिअ‍ॅक्शन करायला टपलेल्या असतात. नुसतं ठेवून दिलं तरी ती रिअ‍ॅक्शन हळूहळू चालू राहते, गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं. त्यात गरमी असेल तर वेग वाढतो. तुमचा उन्हाळ्यातला ४एस याच वाटेने गेला असण्याची शक्यता मोठी आहे.

आता समजा एखाद्या सेलमध्ये आत कुठे शॉर्ट झालाच. शंभर अंशांच्या आसपास ग्राफाइटवरचा संरक्षक थर मोडायला लागतो आणि तो मोडताना स्वतः उष्णता देतो. १३० अंशांच्या सुमाराला मधला पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. मग दोन्ही बाजू सर्रास एकमेकींना भिडतात, तापमान भराभर चढतं आणि कॅथोडमधून ऑक्सिजन सुटतो. म्हणून ही आग वरून झाकून गुदमरत नाही, ती आपली हवा आपल्याबरोबर घेऊन आलेली असते. अर्ध्यावर असलेल्या सेलमध्ये हीच साखळी उशिरा सुरू होते, सावकाश चालते आणि बऱ्याचदा धूर सोडून थांबते. विमानाने माल म्हणून जाणाऱ्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांच्या वर चार्ज ठेवू नयेत असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे, तो याच कारणासाठी. आपण घरी त्याहून थोडं वर, ४०-५० टक्क्यांवर ठेवतो, कारण महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर सेल ३ व्होल्टच्या खाली जायला नको. तसा गेला की तोही बिघडलाच.

तुमच्या घरचा हिशेब करते. ३एस २२०० म्हणजे ११.१ व्होल्ट गुणिले २.२, एका पॅकमध्ये २४.४ वॉट-अवर. ४एस १५०० म्हणजे २२.२. दहा मिळून साधारण २३५. हल्लीच्या ५००० एमएएचच्या मोबाईलमध्ये १९ वॉट-अवर असतात, म्हणजे बारा भरलेले मोबाईल एका डब्यात, तेही कुठलंही संरक्षक सर्किट नसलेले. स्टोरेजवर आणलंत की यातली जवळजवळ निम्मी ऊर्जा एक पैसा खर्च न होता घराबाहेर गेली.

आता जागा. चपलांचं कपाट पहिल्यांदा रिकामं करा. तिथे रबर, रेक्झिन, प्लायवूड, सगळं जळणारं आहे हा एक भाग. त्याहून वाईट म्हणजे वन बीएचकेला बाहेर पडायला एकच दार, आणि तुम्ही आगीची शक्यता नेमकी त्या दारात मांडली आहे. घरात माणसं असताना काही झालं तर तुमच्या आई आणि लेक आत अडकतील.

ओट्याखाली नको, तिथे सिलिंडर नाही तर पाइपचा गॅस आहे. गच्चीवरच्या खोलीत पंपाचं पॅनेल असणार, दुपारी स्लॅब तापणार आणि काय चाललंय ते बघायला कोणी नसणार. शिवाय ती सोसायटीची जागा, तुमची जोखीम तुम्ही वीस कुटुंबांच्या पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवणार का? बेडरूमचा तर विचारच नको. ड्राय बाल्कनी मात्र बरी वाटते: धूर बाहेर जाईल, मध्ये बंद करता येईल असं दार आहे, खाली फरशी आहे. तिची मापं आणि तिथे काय काय आहे ते कळवा, मग पेटीचं बोलू.

झूम, तुमच्या दोन्ही सूचनांबद्दल स्पष्टच लिहिते. थंडाव्यात सेल सावकाश म्हातारा होतो हे खरं आहे. पण आपल्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या पॅकवर पाणी साचतं, बॅलन्स लीडच्या (प्रत्येक सेल वेगळा मोजायच्या बारीक वायरींच्या) पिनांवर साचतं, आणि कोणी घाईत तसाच चार्जला लावतो. स्टोरेज व्होल्टेजवर ठेवलेल्या पॅकला फ्रिजची गरजही नाही. शिवाय दिवसभर ज्याचं दार उघडतं आणि ज्यात लहान मुलाचं दूध असतं तिथे लिथियम बॅटऱ्या असू नयेत, यावर माझं मत पक्कं आहे.

आणि कुकर तर कृपा करून कोणीही वापरू नका. सेल पेटला की काही सेकंदांत खूप गॅस सुटतो आणि तो ज्वलनशील असतो. शिट्टीच्या एवढ्याशा भोकातून तो निघणार नाही, आणि सेलमधली काजळी ते भोक बुजवेल. घट्ट बंद होणारं कुठलंही भांडं, स्टीलचा लॉकचा डबा, रबरी गॅस्केटची लष्करी पेटी, हे असं ठेवलं तर आगीचा स्फोट होतो. पेटी ज्वाळा अडवणारी हवी आणि वायूला वाट देणारी हवी.

निनाद_डोंबिवली

वृंदाताई, मनापासून आभार. दाराचा मुद्दा वाचून लगेच डबा उचलला, सध्या ड्राय बाल्कनीत फरशीवर आहे.

बाल्कनी सुमारे सहा फूट बाय साडेतीन. एका टोकाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या टोकाला जुन्या कडप्प्याचा एक फळा भिंतीत बसवलेला आहे, जमिनीपासून दीड फुटावर, त्यावर आई कुंड्या ठेवते. वर कपड्यांच्या दोऱ्या. पूर्वेकडे तोंड, सकाळी नऊपर्यंत ऊन येतं. पाऊस मशीनच्या बाजूने आत येतो, कडप्प्याच्या बाजूला फारसा नाही.

दोन अडचणी. चार्जरवर स्टोरेज लावलं, पण तो डिस्चार्ज फक्त ५ वॉटने करतो. पहिला ४एस पॅक उतरायला दोन तासांच्या वर लागले. दहा पॅकना किती रात्री जागू? आणि फुगलेल्या पॅकचं काय?

वृंदा_सांगली

जागू नका आणि चालू ठेवून झोपूही नका. चार्जिंग किंवा डिस्चार्ज, दोन्हींच्या वेळी माणूस त्याच खोलीत आणि जागा हवा.

स्वस्त चार्जर ५ वॉटचेच असतात, त्यामुळे लोक कंटाळून पॅक भरलेले ठेवतात. उपाय सोपा आहे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणि होल्डर आणा. त्याला एक्सटी६०चा, म्हणजे पॅकच्या मुख्य वायरीला जुळणारा, कनेक्टर सोल्डर करा. ३एस पॅकला एक बल्ब चालतो, पस्तीस-चाळीस मिनिटांत काम होतं. ४एसला एकच लावू नका, भरलेला पॅक १६.८ व्होल्ट देतो, फिलामेंट उडेल. दोन बल्ब सिरीजमध्ये लावा. ते थोडे मंद जळतील, वेळ अधिक लागेल, चालेल. बल्ब हाताला भाजतो, म्हणून उरलेल्या टाइलच्या तुकड्यावर ठेवा.

थांबायचं कधी हे कळण्यासाठी बॅलन्स लीडला तो छोटा लिपो अलार्म लावा आणि ३.८ व्होल्टवर सेट करा. लोड चालू असताना ३.८ला ओरडला की बल्ब काढा, पाच मिनिटांत सेल आपोआप थोडा वर येऊन योग्य जागी बसेल. आणि काम झालं की अलार्म काढून ठेवा. तो स्वतःचा करंट सेलमधूनच घेतो आणि लावून विसरला तर पॅक खाली खेचून मारतो. क्लबमध्ये हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

फुगलेला ४एस बाकीच्यांत मिसळू नका. त्याला आत्तापासूनच वेगळी कोरडी मातीची कुंडी, तळाशी वाळू, वर दुसरी कुंडी उपडी. मातीची कुंडी जळत नाही आणि उपड्या कुंडीच्या भोकातून गॅस निघून जातो. पॅक दाबू नका, टोचून गॅस काढायचा विचारही नको. त्यालाही बल्ब लावून उतरवायचा, पण पार शून्यापर्यंत, उघड्यावर, कोरड्या दिवशी, तुम्ही समोर बसून. बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडलेला राहू द्या, मीटरवर सगळे सेल शून्याजवळ दिसले पाहिजेत. मग कनेक्टर कापून दोन्ही वायरी एकमेकींना पिळून टेप लावा. एक एक वायर वेगळी कापायची, दोन्ही एकदम कात्रीत धरायच्या नाहीत.

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा असं बरेच जण सांगतील. पाण्यात आधी बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटतात आणि चार्ज आतच अडकून राहतो. वरून पॅक मेलेला दिसतो, आतून जिवंत असतो. मी त्यावर विसंबत नाही.

यानंतर तो ई-कचऱ्याच्या केंद्रावर किंवा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे, आणि घरच्या कचऱ्यात त्या टाकायच्या नाहीत. घंटागाडीतला कचरा पुढे मोठ्या गाडीत दाबला जातो. तिथे चेपलेला एक सेल अख्खी गाडी पेटवू शकतो, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात.

आता पेटी. तुमच्याकडे कडप्पा आहे ही फार चांगली गोष्ट, त्याच्यासारखी जागा बाजारात शोधून मिळणार नाही. दगड आहे, जळत नाही, जमिनीपासून उंच असल्यामुळे झडीचं पाणी खालून निघून जाईल. आईंच्या कुंड्या दुसरीकडे हलवा, मात्र त्यांना विचारून! कडप्प्याच्या वरच्या दोऱ्या काढा किंवा त्या टोकाला कपडे वाळत घालणं बंद करा. वॉशिंग मशीनचं प्लॅस्टिकचं कव्हर, झाडू, सुतळी, रद्दी, काहीही जवळपास नको.

भांड्यांच्या बाजारात पत्र्याची छोटी ट्रंक मिळते, कडी-कोयंड्याची. तिचं झाकण घट्ट बसत नाही आणि आपल्याला तेच हवं आहे. आत चारी बाजूंनी आणि मधल्या कप्प्यांसाठी जिप्सम बोर्डचे तुकडे लावा. फॉल्स सीलिंगचं काम चालू असेल तिथे कारागीर तुकडे फुकट देतात. जिप्सममध्ये वजनाच्या एक-पंचमांश पाणी रासायनिक बंधात असतं, आग लागली की ते वाफ होऊन उष्णता खातं. साधा पत्रा एकटा असला तर तो लाल होऊन शेजारचा पॅक पेटवतो. एका कप्प्यात दोनपेक्षा जास्त पॅक नको. प्रत्येक पॅकच्या कनेक्टरला टोपी किंवा टेप, कारण पत्रा वीजवाहक आहे आणि उघडा एक्सटी६० त्याला टेकला तर बॅटरीचा दोष नसताना आग लागेल. तुमची लिपो बॅग आत वापरा, पण फायबरग्लासची ती बॅग धूर आणि झोत पूर्ण अडवत नाही हे ध्यानात असू द्या.

१८६५० सेल ट्रंकेत सुटे टाकू नका. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या खोबणीच्या डब्या मिळतात. वरचं रंगीत आवरण कुठे फाटलं असेल तर तो सेल बाजूला करा. सेलचं सगळं बाहेरचं अंग ऋण टोक असतं, वरच्या कडेला आवरण फाटलं की धन आणि ऋण यांत मिलिमीटरचं अंतर उरतं.

ग्लायडर_नागपूर

वृंदाताईंनी जवळजवळ सगळंच लिहिलं. गरमीपुरती भर घालतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी त्याहून कितीतरी तापते. आमच्या ग्रुपचा कडक नियम: उडवून झालं की पॅक डिकीत ठेवून जेवायला जायचं नाही, पॅक आपल्याबरोबर सावलीत येतात. तापलेला पॅक चार्जलाही लावायचा नाही, हाताला साधा लागेपर्यंत थांबायचं.

डोंबिवलीत ऑगस्ट-सप्टेंबरला तापमानाची चिंता कमी. पण नऊपर्यंतचं ऊन थेट पत्र्याच्या ट्रंकेवर पडत असेल तर ट्रंक आतून चांगलीच तापेल. बाल्कनीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला एक सिमेंटचा पत्रा उभा करा. कापडाचा पडदा लावू नका.

खाडीवाला_रत्नागिरी

मी मॉडेल बोटी चालवतो, त्यामुळे खाऱ्या दमट हवेबद्दल बोलू शकतो. डोंबिवलीही खाडीपासून लांब नाही. पावसाळ्यात बॅलन्स कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. मग चार्जरला एखाद्या सेलचं व्होल्टेज चुकीचं दिसतं आणि बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळे सेल एका व्होल्टेजवर आणण्याचा, घोटाळा होतो. ट्रंकेत सिलिका जेलची पुडी टाका, निळ्या दाण्यांची. दाणे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून परत वापरता येतात. मीठ किंवा तांदळाची पुरचुंडी नको, मीठ ओल धरतं आणि पिनांना लागतं.

ज्यांना दर रविवारी क्वाडसारखा प्रचंड करंट लागत नाही त्यांना माझा सल्ला, रिसीव्हर आणि मैदानावरच्या पेटीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. एका सेलचे ३.२ व्होल्ट, भरल्यावर ३.६५. वजनाला जास्त, पण तिच्या कॅथोडमधून ऑक्सिजन सहजी सुटत नाही, त्यामुळे तापली तरी ती लिपोसारखी भडकत नाही. फक्त चार्जरवर प्रकार बदलायला विसरू नका, लिपोच्या सेटिंगवर तिला ४.२० व्होल्टपर्यंत ताणणं धोक्याचं.

निनाद_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. ट्रंक आणली, जिप्समचे तुकडे खालच्या मजल्यावर काम चालू आहे तिथून मिळाले. आई कुंड्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवायला लगेच तयार झाली, उलट म्हणाली की हे आधीच करायला हवं होतं. बल्बवर सगळे ३एस पॅक उतरवले, आज संध्याकाळी ४एस.

एक गोष्ट दिसली. एका ३एस पॅकचे दोन सेल ३.८३ आणि ३.८२ दाखवतात, तिसरा ३.७१. बाहेरून पॅक सपाट आहे, फुगलेला नाही. एप्रिलमध्ये विमान झाडात अडकून पडलं होतं तेव्हा हाच पॅक आत असावा. हा ठेवू का काढू?

आणि मनात असंही आलं की इतकी काळजी करण्यापेक्षा सगळे पॅक गावी बरोबरच घेऊन जावेत. रेल्वेने जाणार आहोत.

वृंदा_सांगली

गर्दीच्या गणपती स्पेशलमध्ये बर्थखाली दहा लिपो नेऊ नका. घरातली जोखीम तुम्ही तीन दिवस मेहनत करून कमी केलीत, ती डब्यातल्या सत्तर-ऐंशी माणसांमध्ये नेण्यात अर्थ नाही. बॅगेवर बॅग पडते, कोणी पाय ठेवतं.

तो ३.७१चा पॅक ट्रंकेत जाणार नाही. विश्रांतीत असताना सेलांमध्ये ०.०३-०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असला की मी पॅक संशयित धरते, आणि तुमचा फरक ०.११-०.१२ आहे. बल्बवर उतरताना एखादा अशक्त सेल मागे पडू शकतो, म्हणून एकदा बॅलन्स करून दोन दिवस बघा. पुन्हा तोच सेल खाली गेला तर आत कुठे तरी गळती आहे, त्या पॅकला निवृत्त करा. तो झाडावरून पडला होता म्हणता, तेव्हा माझा कल आत्ताच काढून टाकण्याकडे आहे.

पडलेल्या पॅकबद्दल मी इतकी हट्टी का आहे, तेही सांगते. क्लबच्या एका मुलाचं विमान नाकावर आपटलं. पॅकच्या कोपऱ्याला जेमतेम दिसेल असा पोचा होता, व्होल्टेज ठीक होतं. पोरं तो बाकीच्यांबरोबर कपाटात ठेवायला घेऊन आली. मी तो वर्कशॉपबाहेर शहाबादी फरशीवर एकटा ठेवायला लावला. बराच वेळ काही झालं नाही, पोरं कुरकुरत होती. मग फुसफुस आवाज आला, थिनरसारखा गोडसर वास आला, दाट पांढरा धूर, आणि एका सेलचा झोत. तो शमतोय असं वाटेपर्यंत शेजारच्या सेलने घेतलं, मग तिसऱ्याने. आम्ही लांबून बादल्यांनी पाणी ओतत राहिलो. पाण्यानेच विझवायचं, भरपूर पाण्याने, कारण मुद्दा सेल थंड करण्याचा आहे. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा जातात पण सेल गरमच राहतो आणि पुन्हा पेट घेतो. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, त्यामुळे मी कोणालाही वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहू दिलं नाही. तो पॅक त्या दिवशी कपाटात गेला असता तर आत आणखी चाळीसेक पॅक होते.

घरात तुमच्यासमोर असं काही झालं आणि एका बादलीत आटोक्यात येईल असं दिसलं नाही, तर थांबू नका. चार्जर चालू असेल तर आधी मेन बंद, सगळे बाहेर, बाल्कनीचं दार ओढून घ्या, १०१ला फोन. फोनवर बॅटरीची आग आहे हे आवर्जून सांगा.

निघण्याआधी एवढं करा. प्रत्येक पॅकवर मास्किंग टेप लावून नंबर टाका. वहीत त्या नंबरासमोर प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि तारीख लिहा. आल्यावर पुन्हा मोजा. चांगला लिपो दहा-बारा दिवसांत जेमतेम हलतो, मिलिव्होल्टांत. ज्याचा आकडा ठळकपणे खाली गेला असेल तो वेगळा काढायचा. पुढे उडवणं बंद असेल तेव्हाही दोन-तीन महिन्यांतून एकदा हीच फेरी. आणि पावसाळा संपेपर्यंत शनिवारी रात्री चार्ज करणं बंद करा. रविवारी सकाळी आकाश बघा, उडवायचं नक्की झालं की मगच लावा. २२००ला २.२ अँपिअर, १५००ला १.५, तासाभरात भरतात. तेवढ्यात आईंच्या हातचा नाश्ता होतो. चार्जर बाल्कनीत टाइलवर, लेकीच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर.

निनाद_डोंबिवली

४एस पण झाले. चारही पॅकचे सगळे सेल ३.८१ ते ३.८४. नऊ पॅक ट्रंकेत, प्रत्येक कप्प्यात दोनपेक्षा जास्त नाही, टोप्या लावून, सिलिका जेल टाकून. १८६५०चे चारही सेल डबीत. झाडावरून पडलेला ३एस बॅलन्स करून बघितला, दुसऱ्या दिवशी तोच सेल पुन्हा ३.७६वर आला होता. तो आणि फुगलेला ४एस, दोघेही आता वेगवेगळ्या कुंड्यांत आहेत. रविवारी उघडीप मिळाली तर गच्चीवर बल्ब लावून शून्यावर नेतो. पण पाऊस थांबलाच नाही आणि तोवर निघायची वेळ आली तर?

वृंदा_सांगली

तर बाल्कनीतच, तुम्ही समोर बसून, सगळी खिडक्या-दारं उघडी ठेवून आणि हाताशी पाण्याची भरलेली बादली ठेवून करा. आई आणि लेक तेवढा वेळ शेजारी किंवा खाली जाऊ देत. पण हे दोन पॅक घरात चार्जसह ठेवून कुलूप लावू नका. अगदीच जमलं नाही तर तुमच्या भागातला कोणी उडवणारा गाठा, झूम कल्याणलाच आहेत, आणि निघण्याआधी दोन्ही कुंड्या वाळूसकट त्यांच्या अंगणात पोचवा.

झूम_कल्याण

माझं तळमजल्याचं घर आहे, मागे मोकळं अंगण. निनाद, शनिवारी घेऊन या, बल्ब मीही आणून ठेवतो. माझे पॅक फ्रिजमधून काढले, सगळे भरलेलेच होते. ट्रंक किती बाय कितीची घेतलीत ते सांगा.

निनाद_डोंबिवली

अठरा इंच बाय बारा, उंची दहा. पाच कप्पे करून वर जिप्समचं एक झाकण बसतं. शनिवारी चारपर्यंत येतो.